ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो

रंजनाताई,

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. पहिल्या दिवसापासून सगळे मला सांगताहेत, पत्रक लिही.

पहिल्यांदा मंडळाचे किशोरदादा म्हणाले, तुझ्या अंत्यसंस्काराच्या दिवशीच. आपल्या मंडळाची सगळी माणसं आली होती, आइंडहोवनची तर झाडून सगळी. त्रिशरण-पंचशील म्हणायला त्या दहनगृहातला हॉल आम्हाला पाऊण तास मिळाला होता. मग शेजारच्या खोलीत कॉफी आणि केक. इथल्या डच लोकांची ही पद्धत तुला कधी पटली नाही. "मयताच्या दिवशी शेजारी चहा आणतात आपल्याकडे. हे लोक केक कापतात, बाप्पा!" तुझ्या वेळी लिंबाचा केक होता. मी दोन तुकडे खाल्ले. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि केक चांगला होता. त्याची मला अजून लाज वाटते.

"तुझ्या हाताला धार आहे," किशोरदादा म्हणाले. "डॉक्टरांच्या फोनवरच्या त्या बाईने रंजनाताईंना दुपारपर्यंत थांबवलं. आपली माणसं आहेत म्हणून थांबवलं. लिही. आम्ही सगळे सह्या करतो."

मी लिहिलं. तुला माहीत आहे, मला ते येतं. बाबा औरंगाबादच्या कारखान्यांमध्ये संघटनेचं काम करायचे, आणि आमच्या घरी संध्याकाळी आधी पत्रकांच्या घड्या घालायच्या, मग ताट मांडायचं. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. पहिल्या परिच्छेदात कोणावर अन्याय झाला, दुसऱ्यात कोणी केला, तिसऱ्यात आमची मागणी काय. तुझ्यावरचं पत्रक एका बैठकीत झालं. आजवर मी लिहिलेल्यांतलं ते सगळ्यांत चांगलं आहे. लोकांनी रडत सह्या केल्या.

त्यात एक वाक्य खोटं आहे, ताई. त्या एका वाक्यावर बाकी सगळं उभं आहे. म्हणून ते छापलं जाणार नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे. आधी तुला, मग ज्यांनी सह्या केल्या त्या प्रत्येकाला.

मी टिलबर्गला शिकायला आले आणि तुमच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी तुला "तुम्ही" म्हणाले. तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, "तुम्ही-बिम्ही मी वॉर्डात डॉक्टरला म्हणत होती. घरात तू म्हण." मग माझं मनगट धरलंस आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलीस. मला वाटलं तू माया करते आहेस. महिन्याभराने कळलं की तू माझा श्वास मोजत होतीस, मिनिटाला सोळा. "श्वास मोजते असं सांगितलं की माणूस श्वास बदलतो. म्हणून मनगट धरायचं आणि छातीकडे बघायचं. पेशंटला वाटतं सिस्टर नाडी बघते."

"म्हणजे फसवायचं?"

"मोजायचं. तू लई मोठे शब्द वापरतेस."

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात तू अठरा वर्षं सिस्टर होतीस. भाऊजींची नोकरी इथे आली म्हणून तू आलीस, आणि इथल्या कागदांवर तू "मदतनीस" झालीस. वृद्धाश्रमात आजी-आजोबांना आंघोळ घालायची, भरवायचं, चादरी बदलायच्या. कोणाचा श्वास लागला आहे हे तुला दारातून दिसायचं, पण ते ठरवायचा अधिकार तुला नव्हता. तू फक्त "कळवायचं". तेवीस वर्षांची सिस्टर येऊन बघणार, आणि तू तिच्या मागे चादर हातात घेऊन उभी. मी चिडायचे. तू फ्रिजवर डच शब्दांच्या चिठ्ठ्या लावायचीस. "बेनाउट म्हणजे जीव घाबरा होणं, दम कोंडणं. बघ, त्यांच्याकडे यासाठी एकच शब्द आहे. चांगली भाषा आहे."

डिप्लोमा मान्य व्हावा म्हणून तू परीक्षा दिलीस आणि पहिल्या वेळी नापास झालीस, तो दिवस आठवतो? कागदावर चार पेशंट दिले होते. पहिल्यांदा कोणाकडे जाल आणि का? तू क्रम बरोबर लावलास. पण ज्याच्याकडे आधी गेलीस त्याला हे विचारलं नाहीस की तुमच्यासाठी या घडीला काय महत्त्वाचं आहे. त्याचे गुण गेले.

"त्याला काय विचारू?" तू कांदा चिरताना ओरडत होतीस. "त्याचं बीपी नव्वदवर उतरलंय! तो म्हणेल, सिस्टर, मला टीव्ही लावून द्या!"

"मग टीव्ही लाव," भाऊजी म्हणाले.

"टीव्ही लावते आणि पाय वर करते त्याचे. दोन्ही करते. पण ते लिहायला जागाच नव्हती."

आपण इतके हसलो की तुझी यशू वरून खाली आली आणि डचमध्ये विचारू लागली, काय झालं. आपण तिला मराठीत सांगितलं. तिला कळलं, पण हसू आलं नाही. बारा वर्षांच्या मुलीला बीपी नव्वद म्हणजे काय हे माहीत नसतं. तुझ्या मुलीला आता माहीत आहे.

आणि बुद्धपौर्णिमेचा तो कार्यक्रम. आइंडहोवनच्या हॉलमध्ये जेवणं चालली होती आणि मंडळातल्या एका पोराचं बोट टोमॅटो कापताना चांगलंच कापलं. तो असा ओरडला की सगळे धावले. टिश्यू, हळद, पाणी, कोणी म्हणे अ‍ॅम्ब्युलन्स. तू उठलीस. लोकांनी तुला वाट करून दिली. तू त्याच्यापाशी क्षणभर थांबलीस.

"ताई, रक्त थांबत नाहीये!"

"दाबून धर आणि हात वर कर. दोन हात आहेत ना?"

आणि तू पुढे निघून गेलीस. त्याला तसाच सोडून. कोपऱ्यात मुलाला भेटायला भारतातून आलेले वानखेडेकाका खुर्चीत बसले होते. सगळ्यांना सांगत होते, गॅस झालाय, जास्त जेवलो. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि हॉल तर थंड होता. तू त्यांचं मनगट धरलंस. अर्ध्या मिनिटाने तू त्यांच्या मुलाला शांतपणे म्हणालीस, "गाडी बोलव. छातीत दुखतंय सांग. गॅस म्हणू नकोस."

काका वाचले. बोटाला तीन टाके पडले. तो पोरगा तुझ्यावर पुढे कितीतरी दिवस रुसला होता.

परत येताना गाडीत मी तुला म्हणाले होते, "ताई, तो किती घाबरला होता. तू त्याच्याकडे बघितलंही नाहीस."

"बघितलं ना. ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो. त्याचं बघून झालं. आता न ओरडणारा शोधायचा."

"हे मला पटत नाही. आमच्या घरी हेच शिकवलंय, जो ओरडत नाही त्याला काही मिळत नाही."

"मिळत नाहीच. म्हणून तर सिस्टर लागते. न ओरडणाऱ्यापाशी जायला."

"आणि सिस्टर गेलीच नाही तर? तू स्वतः का ओरडत नाहीस? अठरा वर्षांची नोकरी पुसून टाकली तुझी. चादरी बदलायला लावलं."

"कारण मी मरत नाहीये, बाई. माझा नंबर मागे आहे."

"हेच! हेच तर त्यांना हवं असतं! तुझ्यासारखी माणसं स्वतःचा नंबर मागे लावतात, म्हणून..."

"दोघी उतरा आणि चालत या," भाऊजी म्हणाले.

हे भांडण आपण मिटवलं नाही. मला अजूनही वाटतं, माझं चुकलेलं नव्हतं. वॉर्डात चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर असतील तर आधी कोण हा प्रश्न तुझा. पण दोनच सिस्टर का, हा प्रश्न माझा, आणि त्याचं उत्तर तू कधी दिलं नाहीस. मी ते तुला विचारणार होते. तुझी दुसरी परीक्षा झाली की निवांत बसून विचारणार होते.

मग तो शनिवार आला.

लोक म्हणतात, बायका स्वतःकडे दुर्लक्ष करतात, रंजनाताईंनीही केलं. हे मी कोणाला बोलू देणार नाही. शुक्रवारी तुला लघवीला जळजळ होती, तू भरपूर पाणी प्यायलीस, सोमवारी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, वेळही घेऊन ठेवलीस. ताप शनिवारी पहाटे आला. नऊ वाजता मी खाली आले तर तू सोफ्यावर बसली होतीस, दोन रजया अंगावर, दात वाजत होते, आणि घड्याळ हातात. भाऊजी त्यांच्या आईच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला गेलेले. तू स्वतःला तपासलं होतंस. अगदी परक्या पेशंटला तपासावं तसं.

"ऐक. ताप एकोणचाळीस-पाच. नाडी एकशे चोवीस. श्वास अठ्ठावीस. शनिवार आहे, म्हणून डॉक्टरांच्या सुट्टीच्या नंबरवर फोन लाव. माझे दात वाजताहेत, मला बोलता येणार नाही. हे तीन आकडे सांग. बाकी काही बोलू नको."

तू तुझा नंबर पहिला लावला होतास, ताई. आयुष्यात पहिल्यांदा. आणि तो सांगायचं काम माझ्याकडे दिलंस.

मी फोन लावला. बारा मिनिटं संगीत. मग एका बाईचा आवाज, शांत, थोडा थकलेला. तिने जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला. मी ताप सांगितला. मग तिने विचारलं, पॅरासिटामॉल घेतली आहे का?

इथे राहणाऱ्या कुठल्याही भारतीय माणसाला विचार, तो या एका प्रश्नावर तुला अर्धा तास गोष्टी सांगेल. हात मोडला तर पॅरासिटामॉल, न्यूमोनिया झाला तर पॅरासिटामॉल. आपल्या प्रत्येक कार्यक्रमात हा विनोद होतो. मीही तो दहा वेळा केलाय. त्यामुळे तिचा प्रश्न मला प्रश्न म्हणून ऐकूच आला नाही. मला वाटलं, हे तिचं उत्तर आहे. झालं, आता हिने दार लावलं.

आणि मी सुरू झाले. इंग्रजीत, सुरेख इंग्रजीत. म्हणाले, ही बाई स्वतः नर्स आहे, तुमच्यातल्या अनेकांपेक्षा जास्त शिकलेली. तुम्ही तिला तुमच्या म्हाताऱ्यांचं ढुंगण पुसायला ठेवलंय. आज ती आजारी पडली तर तुम्ही तिला गोळी घ्यायला सांगता. एखाद्या डच बाईला तुम्ही असं सांगितलं असतं का?

तिने विचारलं, "त्यांचा श्वास जलद चाललाय का?"

मी म्हणाले, तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या.

मागून तू म्हणालीस, "अठ्ठावीस सांग गं."

मी तुला हाताने खूण केली. थांब.

तिने पुन्हा विचारलं. मला आज तिच्या आवाजातला प्रयत्न ऐकू येतो. तेव्हा नाही आला. "मॅडम, मला तुम्हाला मदत करायची आहे. श्वास कसा आहे? त्या गोंधळल्यासारख्या बोलतात का?"

मी म्हणाले, तिचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठिकाणावर आहे.

मागून तू पुन्हा काहीतरी म्हणालीस. फोनवरची बाई म्हणाली, "मला त्यांचं बोलणं ऐकू येतंय. ते चांगलं आहे." मग तपासायला यायची सव्वादोनची वेळ दिली, आणि बिघडलं तर लगेच पुन्हा फोन करा, असं सांगितलं.

मी फोन ठेवला. मला फार बरं वाटत होतं, ताई. बाबांना सांगावं असं वाटत होतं. मी तुला म्हणाले, "सव्वादोनला बोलावलंय. चांगलं सुनावलं तिला."

तू विचारलंस, "आकडे सांगितलेस?"

आणि मी म्हणाले, "हो."

का म्हणाले, याचं उत्तर मी अठरा दिवस शोधते आहे. पुन्हा बारा मिनिटं संगीत ऐकायचं नव्हतं म्हणून? की त्याच बाईशी पुन्हा बोलायची लाज वाटली म्हणून? की मला खरंच वाटलं की इतकं सगळं बोलले त्यात आकडेही आलेच असतील? मी नाही म्हणाले असते तर तू रजई बाजूला करून स्वतः फोन केला असतास. वाजत्या दातांनी ते तीन आकडे तू सांगितले असतेस. पण मी हो म्हणाले. तू थोडा विचार केलास आणि म्हणालीस, "अठ्ठावीस ऐकूनही दोनची वेळ दिली, म्हणजे त्यांच्या हिशोबात थांबता येत असेल. इथली पद्धत वेगळी असेल." आणि डोळे मिटलेस.

तू तुझ्या अठरा वर्षांच्या नजरेपेक्षा त्यांच्या निर्णयावर विश्वास ठेवलास, आणि तो निर्णय माझ्या खोटेपणावर उभा होता.

साडेबाराला तू यशूला विचारलंस की चौदा नंबरच्या खाटेचं सलाईन बदललं का. यशू माझ्याकडे बघत राहिली. मी फोन उचलून त्याच सुट्टीच्या नंबरवर लावू लागले, पुन्हा संगीत. यशूने तिचा फोन काढला आणि ११२ लावला. मी ऐकत होते. डचमध्ये एक प्रश्न, एक उत्तर. माझ्या आईला ताप आहे. हो, जलद. नाही, ती आम्हाला ओळखत नाहीये. हात थंड आहेत. तिच्या बोलण्यात एकही विशेषण नव्हतं. अ‍ॅम्ब्युलन्स नऊ मिनिटांत दारात होती.

मूत्रपिंडातला संसर्ग रक्तात गेला होता. मंगळवारी पहाटे भाऊजी विमानतळावरून थेट आले, तेव्हा तू यंत्रावर होतीस. बुधवारी दुपारी तू गेलीस. मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, सकाळी नऊला आणलं असतं तर? त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, कदाचित. कदाचित नाही. कोणीच सांगू शकणार नाही. त्यांनी ते दयेने सांगितलं. पण ताई, हे "कदाचित" घेऊन मी कुठे जाऊ? यापेक्षा त्यांनी हो म्हणायला हवं होतं.

मंडळातल्या कोणी म्हणेल, तू स्वतःला दोष देऊन त्यांना मोकळं सोडतेस. नाही. तुझी अठरा वर्षं इथे कोणीच मोजली नाहीत, हे मी मरेपर्यंत लिहीन, त्याची पत्रकं काढीन. पण तो अन्याय त्या शनिवारी फोनवर बसलेल्या बाईने केला नव्हता. तिने दोनदा बरोबर प्रश्न विचारला. तू जो विचारला असतास तोच. तिच्या कानावर एक ओरडणारी बाई येत होती, आणि मागे एक शांत आवाज होता. तो शांत आवाज तिच्यापर्यंत पोहोचवायला मी होते. तुझ्या खोलीत त्या दिवशी सिस्टर म्हणून मीच होते, आणि मी माझ्याच कापलेल्या बोटाकडे बघत बसले.

कृतज्ञता वगैरे लिहायला हवी, असं म्हणतात. तू मला घर दिलंस, ज्वारीच्या भाकरी दिल्यास, थंडीत सायकल चालवायला शिकवलंस, मी परीक्षेत रडले तेव्हा आधी "जेवलीस का" विचारलंस. मला हे सगळं लिहिता येतं आणि लिहिताना प्रत्येक ओळीवर वाटतं की मी पुन्हा सुंदर बोलते आहे. म्हणून इथेच थांबवते.

आज, रविवारी दुपारी, भाऊजी स्वयंपाकघरात बसून पत्रक वाचत होते. यशू हॉकीला गेली होती. ती त्या दिवसापासून घरात मराठी बोलू लागली आहे, मोडकी, माझ्याशी नाही, फक्त त्यांच्याशी. भाऊजींनी पेनाने एका ओळीखाली रेघ मारली.

"हे वाक्य ठळक कर," ते म्हणाले. "श्वासाचा वेग मिनिटाला अठ्ठावीस असल्याचं आम्ही स्पष्ट सांगितलं होतं. हे मोठ्या अक्षरात टाक. तिने तेवढ्या तापातही मोजलं होतं. लोकांना कळू दे कोण होती ती."

मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. संगीत, पॅरासिटामॉल, माझं भाषण, तुझा आवाज, माझा हात, सव्वादोन. आणि मग तो हो. काही वगळलं नाही. मला वाटलं ते उठतील, मला घराबाहेर काढतील. मी वर बॅग भरूनच खाली आले होते.

ते उठले नाहीत. पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. शेगडीवर चहा उतू गेला, तो आम्ही दोघांनीही बघितला आणि कोणी उठलं नाही. त्यांचं तुझ्याशी शेवटचं बोलणं गुरुवारी झालं होतं, आईच्या टाक्यांबद्दल, दोन मिनिटं.

"अठ्ठावीस सांग म्हणाली," ते म्हणाले. "आणि मग तू म्हणालीस, ती मागून पुन्हा काहीतरी म्हणाली. दुसऱ्यांदा. ते काय होतं?"

"माहीत नाही, भाऊजी."

"काही तरी आठवत असेल. माझं नाव घेतलं का? यशूचं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी बोलत होते."